जोडीशिवाय उतरायचं नाही

आमच्या गाडीचा कंडक्टर माणसाला गाडीत घ्यायला कधी नाही म्हणाला नाही. शेळी असो, तांदळाचं पोतं असो, लग्नाची आख्खी वरात असो, तो म्हणायचा, "चला, चला, सरका आंदर." त्याची कटकट सुरू व्हायची ती माणूस उतरायला लागला की.

"कुठं जायचं?" हे तो विचारायचाच नाही. तिकिटाचं मशीन छातीशी धरून तो आधी विचारायचा, "संग कोण हाय?"

उपकेंद्रात नर्स म्हणून माझी नेमणूक झाली आणि मी पहिल्यांदा गडचिरोलीहून सुटणाऱ्या त्या लाल गाडीत बसले, तेव्हा मलाही त्यानं हेच विचारलं. मी म्हटलं, "कोणी नाई. एकटीच आहो." तर म्हणाला, "मंग बसा निवांत. जोडीशिवाय उतराचं नाई." मी नागभीडची. अब्बांचं शिलाईचं दुकान स्टेशनाजवळ, त्यामुळे एकट्या बाईशी लाडीगोडी करणारे नग मी लहानपणापासून पाहिलेले. पायातली चप्पल हातात यायच्या बेतात होती. तेवढ्यात शेजारची म्हातारी कानाशी येऊन म्हणाली, "तसा नाई तो, बाई. भेकड हाय निस्ता."

म्हातारी खरं बोलत होती. एवढा भित्रा माणूस मी आजवर पाहिला नाही. उंच, हाडकुळा, मिशा भरघोस. मिशा पाहून कोणाला वाटावं, फौजेतून आला असेल. पण चामोर्शी मागे पडली, धानाच्या बांध्या संपून सागाचं रान लागलं, की त्या मिशा घामानं चिकटायच्या. तो सीटवर कधी बसायचा नाही. दाराच्या दांड्याला धरून उभा राहायचा आणि डोळे रानाच्या कडेला. बोलत असला आपल्याशी तरी पाहायचा तिकडेच. लघवीलासुद्धा तो रस्त्यात कधी उतरला नाही. शेवटच्या थांब्यावर पळत सुटायचा, तेव्हा आख्खी गाडी हसायची.

वाघ हा शब्द त्याच्या तोंडून मी ऐकला नाही. तो म्हणायचा, मालक. "काल मालक इथी बसले होते." "मालक सध्या नाल्याच्या तिकडून जाऊन राह्यले." गावांच्या पाट्या त्याला कामाच्या नव्हत्या. त्याचे थांबे वेगळेच होते. जिथं सरपणाला गेलेला माणूस परत आला नाही तो थांबा, जिथं बैल ओढत नेला तो थांबा, जिथं ओडिशाकडून आलेल्या हत्तींनी कापून रचलेलं धानाचं पुंजणं तुडवलं तो थांबा. शाळेत जाणाऱ्या पोरींना तो धडा द्यायचा. "हा तलाव. तलावाखाली धान. धानात डुक्कर. डुकरामांग मालक. अन् मालकाच्या वाटेत आपण. समजला भूगोल?" पोरी खिदळायच्या. पण मी पाहिलंय, त्या थांब्यावर उतरल्या की हात धरूनच चालायच्या.

मी एकदा विचारलं, "भाऊ, तुमच्या घरचं कोणी गेलं का?" कारण लोक दहा तोंडांनी दहा गोष्टी सांगत. कोणी म्हणे त्याची बहीण गेली, कोणी म्हणे लहानपणी तो स्वतःच झाडावर अडकला होता. तो म्हणाला, "नाई बा. घरचे सगळे ठणठणीत हाय. भूक लागाले कारण लागते का, बाई? तसं भेव हाय."

त्याच्या जोड्या लावण्याच्या खटपटीनं गाडी हमखास उशिरा जायची. एकटा माणूस असला की तो गाडीभर ओरडत फिरायचा, "फाट्यावर कोण उतरते? पुढच्या थांब्याचा कोणी इथी उतरते का? चाला ना भाऊ, पाय मोकळे होतीन." कोणाची जोडी कोणाशी, याला काही धरबंध नव्हता. त्यानं जावयाला सासऱ्याबरोबर पाठवलं, कोंबड्या विकणाऱ्याला भजनी बुवाबरोबर पाठवलं. आमच्या गावचे वारलू आणि गोसाई हे सख्खे भाऊ शेताच्या धुऱ्यावरून, मधल्या बांधावरून, भांडून बसलेले, वर्षानुवर्षं एकमेकांशी शब्द नाही. एकदा नेमके तेच दोघे गाडीत. वारलू म्हणाला, "याच्यासंग नाई जात मी. मालकानं खाल्लं तं परवडन." कंडक्टरनं दोघांना हाताला धरून उतरवलं आणि दारातून बजावलं, "बोलत जा रे लेकहो. दोघं हाय हे समजलं पाहिजे त्याले."

बोलणार कसे? दोघे वाटेच्या दोन कडांनी चालू लागले. थोडं गेल्यावर थोरला वारलू खोकला. काही वेळानं धाकटा गोसाई खोकला. मग पुन्हा वारलू. असे खोकत खोकत ते वळणाआड गेले. कंडक्टर कान देऊन ऐकत होता. खोकला ऐकू येईनासा झाल्यावरच त्यानं घंटीची दोरी ओढली.

आमच्या फाट्याचं सांगायला हवं. डांबरी रस्त्यावरून एक कच्ची वाट आत वळते. फाट्यावर ना टपरी, ना मोबाईलला रेंज. दोन्ही बाजूंनी साग आणि बांबू, मध्ये एक वळण, वळणावर मोहाचं मोठं झाड, मग आणखी रान आणि त्यापलीकडे गाव. आमच्या गावाला उतरणारी बहुतेक वेळा मी एकटी. त्यामुळे त्यानं माझ्यासाठी वेगळी सोय काढली होती. फाट्यावर गाडी थांबली की ड्रायव्हरनं दोन लांब हॉर्न द्यायचे. आवाज गावात जायचा. मग गावातून कोणीतरी मला न्यायला यायचं. ते माणूस दिसेपर्यंत कंडक्टर दारात हात आडवा धरून उभा, आणि मी त्याच्या हाताच्या अलीकडे. मागून लोक शिव्या घालायचे. त्याला काही नाही. तो म्हणायचा, "उशीर झाला तं घरी बोलणं बसते. जीव गेला तं कोण बोलन?"

बहुतेक वेळा यायची तानाबाई. ती उपकेंद्रात झाडलोट करायची, पाणी गरम करायची, बाळंतिणीचे पाय धरून बसायची. कामापेक्षा तिचा आवाज मोठा. वळणाच्या पलीकडूनच ओरडत यायची, "आली वो बाई, आली!" तो आवाज आला की कंडक्टरचा हात खाली यायचा. ती येईपर्यंत तो हसायचा नाही. ती आली की हसायचा.

त्या वर्षी ईद मोहाच्या दिवसांत आली. मी नागभीडला जाऊन परत येत होते. अम्मीनं तानाबाईसाठी शीरखुर्म्याचा डबा भरून दिला होता. सकाळची पहिली गाडी. रानात जिथं तिथं लोक मोहफुलं वेचत होते, वाकलेल्या पाठी दिसल्या की कंडक्टर दारातून ओरडायचा, "उभे राहा रे मधामधात! वाकून माणूस दिसत नाई, जनावर दिसते!"

फाट्यावर गाडी थांबली. दोन हॉर्न झाले. कोणी आलं नाही. गाव मोहाला गेलेलं असणार, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. पुन्हा दोन हॉर्न. मागून एक जण म्हणाला, "अरे रोजची बाई हाय ते, जाईन ना." मीही म्हटलं, "भाऊ, जाऊ द्या. मले उशीर होऊन राह्यला." त्याचा हात हलला नाही.

मग वळणाच्या पलीकडून आवाज आला, "आली वो बाई..."

आणि तेवढाच आला.

पुढचा 'आली' आलाच नाही. मी पायरीवर उभी होते, डबा हातात. आधी वाटलं, दम लागला असेल. मग वरच्या सागातली माकडं खाकरायला लागली, एक, मग दुसरं, मग सगळी. मालक दिसले की माकडं तशी खाकरतात; ते खाकरणं मी त्या रानात अनेकदा ऐकलं होतं, पण तोवर त्याचा अर्थ दुसऱ्या कोणासाठी असायचा. मग माकडंही गप्प झाली. गाडीचं इंजिन तेवढं घरघरत होतं. मी दांडा धरला, तर तिथं कंडक्टरचाही हात होता, बर्फासारखा गार.

त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर रक्त नव्हतं. मला वाटलं, आता हा दार ओढून घेणार. मला वाटलं काय, माझी खात्रीच होती, आणि खरं सांगते, त्यानं दार ओढलं असतं तर मला बरंच वाटलं असतं.

तो खाली उतरला. रस्त्यात कधी पाय न टाकलेला तो माणूस फाट्याच्या मातीत उभा राहिला आणि आत ओरडला, "उतरा. सगळे उतरा. जे हातात हाय ते वाजवत या."

का कोण जाणे, लोक उतरले. मघाशी शिव्या घालणारेसुद्धा उतरले. कोणी डबे वाजवले, कोणी काठी घमेल्यावर आपटली, म्हाताऱ्या बोंब ठोकू लागल्या, ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला नाही. कंडक्टर सगळ्यांच्या पुढे होता. धावत नव्हता. ओरडत होता, आणि त्याचा आवाज फाटून बारीक, बाईसारखा झाला होता.

तानाबाई मोहाखाली उभी होती. अंगावर ओरखडा नव्हता. हातात काठी, तोंड उघडं, आणि नजर समोरच्या बांबूच्या बेटात रुतलेली. आम्ही पोचलो तेव्हा त्या बेटाच्या पलीकडे वाळलेली पानं वाजली. काहीतरी जड तिथून निघून जात होतं. ते पळत नव्हतं. त्याला काही घाई नव्हती. अजूनही मला स्वप्नात ती पानं ऐकू येतात, आणि दर वेळी वाटतं, पळालं असतं तर बरं झालं असतं.

तिला आम्ही गावात नेलं. माझ्या हाताला धरलेला हात ती सोडेना. नाडी पाहिली, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. माझ्याजवळ दुसरं औषध नव्हतं. तिची वाचाच गेली होती. किती दिवस ती नुसती बघत बसायची. मग एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "शेपटी हालत होती, बाई. निस्ती शेपटी." त्यानंतर ती बोलायला लागली, पण हळू. ओरडणं गेलं ते गेलंच. आणि गावाच्या शेवटच्या घरापुढे तिनं पाऊल टाकणं सोडलं.

पण मी सांगत होते कंडक्टरचं. त्या दिवशी तिला घरात पोचवून लोक गाडीकडे परत निघाले, तेव्हा तो तिच्या दारात डोकं धरून बसला होता. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्यामुळे वाचली ते." तर माझ्याकडे पाहून म्हणाला, "माझ्यामुळंच तं मरत होती. तुमाले जोडी पाहिजे म्हणून हॉर्न वाजवला मी. मंग न्याले येणाऱ्याची जोडी कोण? तिले एकटीले रानात मीच बलावलं ना, बाई." इतकी साधी गोष्ट ना त्याला सुचली होती, ना मला, ना गावातल्या कोणाला. आम्ही सगळे त्या हॉर्नला सोय म्हणत होतो.

पुढे त्यानं हॉर्न बंद केला. मला उतरायचं असलं की अर्धी गाडी उतरवायचा, मला गावच्या पहिल्या घरापर्यंत सोडायचा आणि सगळ्यांना परत न्यायचा. परतीला तो सगळ्यांत मागे चालायचा. मी एकदा हटकलं, "भाऊ, सगळ्याइची जोडी लावता. तुमच्या मांग कोण?" तो म्हणाला, "तेच तं कोडं हाय. कितीही माणसं घ्या, शेवटचा एकटाच राह्यते." आणि मान मागे न वळवता भराभर चालू लागला. मानेवरून घामाचे ओघळ चालले होते.

असं किती चालणार? लोकांना दवाखाने असतात, पुढच्या गाड्या असतात. तक्रारी झाल्या, आणि त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला गाडीवरून काढून गडचिरोलीच्या डेपोत चौकशीच्या खिडकीत बसवलं. नवा कंडक्टर तरुण, गोड बोलायचा. "कुठं जायचं, ताई?" विचारायचा, घंटी मारायचा आणि फाट्यावर मला उतरवून जायचा.

गाडी गेल्यावर फाट्यावर जी शांतता उतरते तिचं वर्णन मला करता येणार नाही. मी मोठ्यानं बोलत चालायची. हा तलाव, तलावाखाली धान, धानात डुक्कर, असं त्याचंच सगळं म्हणत, माझ्याच आवाजाला जोडीला घेऊन. एकदा सकाळी गडचिरोलीला गेले आणि दुपारी परतले, तर मोहाच्या वळणावर धुळीत माझ्या सकाळच्या चपलेचे ठसे होते, आणि त्यांच्यावर पाऊल टाकत कोणीतरी माझ्यामागून फाट्यापर्यंत येऊन गेलं होतं. पंजा माझ्या चपलेपेक्षा कितीतरी रुंद होता. त्या दिवशी माझ्या तोंडून भूगोल निघाला नाही.

मासिक सभेसाठी गडचिरोलीला गेले तेव्हा ती खिडकी गाठली. तो आत बसला होता, मिशा तशाच. मला पाहून त्यानं आधी विचारलं, "संग कोण हाय?" भर स्टँडवर, दिवसाढवळ्या. मी हसले आणि मग, कसं कोण जाणे, त्या ठशांचं सांगून टाकलं. खिडकीत एक जण गाडीची वेळ विचारत होता, त्याला त्यानं चुकीची वेळ सांगितली.

त्याच्या पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी गावी परतत होते, तर तो गाडीत होता. खाकी नाही, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल, हातात तिकीट. नव्या पोराला वाटलं, साहेब तपासणीला आले. फाट्यावर मी उतरले, तसा तो माझ्यामागून उतरला. गाडी निघून गेली. शांतता पसरली. त्याचे दात वाजत होते, मला ऐकू येत होते.

"भाऊ, तुम्ही माघारी जा. मी जाईन."

"चाला तुम्ही. मी मांगून येतो. मालक मांगूनच घेते."

"भेव नाई लागत तुमाले?"

"लागते ना," तो म्हणाला. "म्हणून तं आलो."

वळणावर त्यानं भूगोल सुरू केला आणि मी त्याच्यामागून म्हणत गेले, शाळेतल्या पोरीसारखी. गाव दिसलं तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

उपकेंद्राच्या ओट्यावर बसून पाणी प्यायल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला परत जायचंय. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागला, "फाट्यावर कोण जाऊन राह्यलं?" कोणीच जात नव्हतं. मी म्हटलं, "मी येते." तो म्हणाला, "अन् मंग तुमाले परत कोण आणन?" दुपारच्या गाडीची वेळ जवळ येत चालली. तो ओट्यावरून उठायचा, रानाकडे पाहायचा, पुन्हा बसायचा. मला रडूच आलं. माझ्यासाठी आलेला माणूस माझ्याच दारात अडकून पडला होता.

तानाबाई आतून हे सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, पदर खोचला आणि गावात गेली. काय बोलली, कोणाला बोलली, मला माहीत नाही. तिचा आवाज तर आता शेजारच्या घरातही जात नव्हता. पण थोड्या वेळानं लोक यायला लागले. बाया आल्या, काठ्या घेऊन पुरुष आले, वारलू आला, गोसाई आला. सगळ्यांच्या पुढे तानाबाई. शेवटच्या घराशी ती थांबली. मी तिचा हात धरला. मग तिनं पाऊल पुढे टाकलं.

एका माणसाला गाडीत बसवायला आख्खं गाव फाट्यावर गेलं. नव्या कंडक्टरनं ती गर्दी पाहिली आणि घाबरूनच विचारलं, "कितीजण?"

"एक," तानाबाई म्हणाली.

तो मागच्या काचेशी बसला. गाडी हलली तेव्हा काचेतून तो आमच्याकडेच पाहत होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो आम्हाला मोजत होता.

गाडी दिसेनाशी झाली. आम्ही वळलो आणि तिथंच अडलो, कारण सगळ्यांत मागे चालायला कोणी तयार होईना. बाया पुरुषांकडे पाहू लागल्या, पुरुष जमिनीकडे. रान तसंच होतं. वळणावरचा मोह तसाच होता.

"एकामांग एक काऊन चालता?" तानाबाई हळूच म्हणाली. "आडवे चाला. मंग मांग कोणीच राहत नाई."

आम्ही वाटेवर आडवे पसरलो, हाताला हात लागेल असे. वाट पुरेना म्हणून काही जण कडेच्या सागाच्या पानांतून चालू लागले. कडेला कोण, हा प्रश्न आपोआप सुटला होता; वारलू आणि गोसाई शेजारी शेजारी चालणं शक्यच नव्हतं, ते दोघे दोन टोकांना होते. वळण जवळ आलं तसे सगळे गप्प झाले. तानाबाईचा हात माझ्या हातात घट्ट झाला.

उजव्या टोकाला वारलू खोकला. आम्ही सगळे थांबून ऐकू लागलो.

डाव्या टोकाकडून गोसाई खोकला, आणि आम्ही पुढे निघालो.